राउंडच्या वेळी बेडपाशी उभे राहणारे माणूस : पुण्यातील एका ज्येष्ठसेवा संस्थेचा अनुभव

मुले परदेशात आणि आई-वडील पुण्यात अशा घरांसाठी गेल्या काही वर्षांत ज्या ज्येष्ठसेवा संस्था निघाल्या आहेत, त्यांपैकी एकीचे सभासदत्व आम्ही भावंडांनी घेतले होते आणि आप्पांच्या आजारपणात त्या सेवेची खरी पारख झाली. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण निवड करण्यापूर्वी आम्ही ज्या इतर ठिकाणी चौकशी केली होती तिथेही जवळपास हाच ढाचा दिसला होता. घरभेटी, औषधांची नोंद, दवाखान्यात सोबत, आणि रुग्ण दाखल झाल्यास रोज रुग्णालयात जाऊन कुटुंबाला माहिती देणारा समन्वयक, एवढ्या गोष्टी त्यात येतात. घरभेटींबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. त्या वेळेवर होत आणि आईला गप्पांना माणूस मिळे. हे परीक्षण मुख्यतः शेवटच्या बाबीचे आहे.

आप्पांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार, जुनाच. त्यावर हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, रक्तात संसर्ग पसरला, रक्तदाब कोसळला आणि त्यांना आयसीयूत हलवावे लागले. मी श्टुटगार्टला, दादा न्यू जर्सीत, आणि रुग्णालयाच्या बाकावर आई व आत्या. आमच्या घरात, आणि मला वाटते बहुतेक मराठी घरांत, आजारपणाची बातमी दोन्हीकडून गाळून जाते. आई मुलांना सांगते, ‘बरं आहे, तुम्ही काळजी करू नका’. मुलांना डॉक्टरांकडून काही थेट कळले तर ती आईला त्यातले निम्मेच सांगतात. आणि आत्या दोघांनाही देवाचा अंगारा लावल्याचे कळवते. या साखळीत ज्याला गाळायचे काही कारण नाही असे एक माणूस हवे असते, आणि या सेवेचे पैसे वसूल होतात ते तिथेच.

आम्हाला मिळालेल्या समन्वयक ताई पूर्वी परिचारिका होत्या. सकाळी साडेदहाच्या राउंडला त्या वही घेऊन हजर असत. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी आईला सांगितले की पुढचे 48 तास महत्त्वाचे आहेत. हे वाक्य आयसीयूच्या दाराबाहेर प्रत्येकानेच ऐकलेले असते आणि ऐकणारा मान डोलावून गप्प बसतो. ताईंनी विचारले, ‘सर, या 48 तासांत आपण नेमके काय बघणार आहोत?’ उत्तरात तीन गोष्टी आल्या: सरासरी रक्तदाब 65च्या वर ठेवायला नॉरॲड्रेनलिन हे रक्तदाब वाढवणारे औषध किती लागते, लघवी तासाला 30 मिलिलिटरच्या खाली जाते का, आणि रक्तातले लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक, उतरते का. त्या तीन गोष्टी वहीच्या पानावर तीन रकान्यांत उतरल्या, रोज त्या पानाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आला, आणि खाली डॉक्टरांचे शब्द त्यांच्याच शब्दांत, स्वतःचा अर्थ न जोडता. औषधाची मात्रा 0.2 वरून 0.12 वर आल्याचे त्या पानावर दिसले, तेव्हा त्याचा अर्थ काय हे विचारायला कोणाकडे जावे लागले नाही. आईला मात्र त्या हेच वेगळ्या तऱ्हेने सांगत: ‘काकू, काल प्रेशरला जेवढं औषध लागत होतं त्यापेक्षा आज कमी लागतंय.’ दोन्हींत खोटे काही नव्हते.

वेळेचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. हिवाळ्यात पुण्यातले साडेदहा म्हणजे माझ्याकडे सकाळचे सहा आणि दादाकडे मध्यरात्रीचे बारा. राउंड आटोपताच पाच मिनिटांचा फोन, प्रश्न आदल्या संध्याकाळपर्यंत लिहून पाठवायचे, आणि दोघा भावंडांनी मिळून एकच यादी द्यायची, असा नियम त्यांनी घालून दिला. तो आधी जाचक वाटला. पण एकाच डॉक्टरांना दोन देशांतून तेच तेच प्रश्न जाणे त्यामुळे थांबले. आप्पांच्या तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क असताना व्हिडिओ कॉल लावून देण्यास ताईंनी स्वच्छ नकार दिला. उत्तर देण्याच्या धडपडीत त्यांनी मास्क ओढला असता, हे कारण मला पटले. जेवणासाठी मास्क काढत, तेव्हा नर्सची परवानगी घेऊन त्या फोन आप्पांच्या कानाशी धरत, आणि आप्पा पहिला प्रश्न विचारत तो तिकडे बर्फ पडला का, हा.

संस्थेच्या ॲपबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही, आणि जाहिरातीत सगळ्यात मोठे चित्र त्याचेच आहे. ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, तापमान असे आकडे त्यात दिवसातून अनेकदा भरले जातात आणि ठरलेल्या मर्यादेबाहेरचा आकडा लाल होतो. ऑक्सिजनची मर्यादा सरसकट 94 ठेवलेली होती. सीओपीडीच्या अनेक रुग्णांत ऑक्सिजन मुद्दामच 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, कारण जास्त दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो; आप्पांच्या केस पेपरवरही डॉक्टरांनी तेच लक्ष्य लिहिलेले होते. परिणामी उपचार अगदी ठरल्याप्रमाणे चालू असताना दादाचा फोन रात्रभर लाल सूचना देत राही. मर्यादा रुग्णानुसार बदलून द्यावी असे आम्ही कळवले, तर ती सोय नाही असे उत्तर आले. त्यातच नोंदीची वेळ भारतीय की पाहणाऱ्याच्या देशातली, हेही पडद्यावर लिहिलेले नसते. वहीच्या पानाने जो धीर दिला तो ॲपने काढून घेतला असे म्हटले तर ते फार अन्यायाचे होणार नाही.

रविवारी ताईंची सुट्टी. त्या दिवशी बदली म्हणून येणारा तरुण नम्र होता, पण राउंड संपल्यावर पोहोचे आणि ‘कालच्याप्रमाणेच’ एवढे कळवून मोकळा होई. आजारी माणसाला रविवार नसतो. सेवा विकताना ‘आठवड्याचे सातही दिवस’ म्हणायचे असेल, तर बदली माणसाने निदान आदल्या दिवसाचे पान वाचून यावे.

माहितीपत्रकात ‘निर्णयात साथ’ असेही एक आश्वासन आहे. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. समन्वयक संमतिपत्रावर सही करू शकत नाही. सेंट्रल लाइनसाठी, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी, सही आईनेच केली. श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली तर काय, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तेव्हा दादाचे आणि माझे मत एक नव्हते, आणि आप्पांचे मत कोणी कधी विचारलेले नव्हते. सुदैवाने ती वेळ आली नाही. स्वतः सांगता येईनासे झाल्यास कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करण्याची मुभा दिली. नोंदणीच्या वेळी रक्तगट, विमा पॉलिसी, ॲलर्जी असे सगळे विचारणाऱ्या संस्थेच्या अर्जात याबद्दल एकही रकाना नाही. मला ही त्रुटी ॲपच्या त्रुटीपेक्षा मोठी वाटते.

डिस्चार्जच्या दिवशी सेवा पुन्हा उपयोगी पडली. कॅशलेस दाव्याची अंतिम मंजुरी विमा कंपनीने रुग्णालयाकडून मागणी आल्यापासून तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाचे 2024चे परिपत्रक आहे. ताईंना ते माहीत होते, आणि रुग्णालयाच्या टीपीए खिडकीवरून, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या खिडकीवरून, मागणी कधी गेली ती वेळ त्यांनी लिहून घेतली. कागद दुपारच्या जेवणाआधी हातात आले. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणून ठेवलेला होता आणि इनव्हर्टरवर तो किती वेळ चालतो हेही पाहून झाले होते.

खर्चाबाबत एवढेच सांगते की वार्षिक शुल्कात रुग्णालयातले ठरावीक तासच धरलेले असतात, पुढचे तास वेगळे लागतात, आणि हा तपशील करारात बारीक अक्षरांत असतो. नूतनीकरणाच्या वेळी आम्ही ॲप वगळून शुल्क कमी करून मागितले. ते जमणार नाही असे कळले. मग रुग्णालयातल्या सोबतीसाठी त्याच ताई मिळणार असतील तरच सभासदत्व चालू ठेवू, असे आम्ही लेखी मागितले आणि संस्थेने ते लेखी मान्य केले.