तीन पावसाळे, दोन प्रकारच्या बॅगा आणि एक वितळलेला कोपरा

एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. २०२१ ला सुटलो आणि मिळालेल्या पैशांतून हिमालयन ४११ मोटरसायकल घेतली. मुलाचं म्हणणं होतं की बाबांनी कार घ्यावी. सौ. काही बोलली नाही. शोरूममध्ये मागच्या सीटवर बसून बघितलं आणि म्हणाली, "अहो, पाय ठेवायला बरं आहे." झालं, घेतली.

तेव्हापासून दर पावसाळ्यात आम्ही दोघं साताऱ्याहून कोकणात उतरतो. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड, दापोली. पुढे दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवायची, धोपाव्याला उतरायची, गुहागर करून तवसाळहून परत बोटीने जयगडला. सामान किती टिकतं ते बघायला याच्यासारखी जागा नाही. वरून पाऊस, खालून चिखल, बोटीवर खारं वारं. ज्या वस्तू मी पैसे देऊन घेतल्या आणि वापरल्या, त्यांच्याबद्दलच लिहितोय. कंपन्यांची नावं देत नाही, वस्तू कशी बनवलेली आहे ते बघून घ्या.

पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅगा घेतल्या. बाहेरून झकास. जाड कापड, मोठाल्या चेन, इतके कप्पे की तंबाखूची डबी (आता सोडली) कुठे ठेवली ते आठवेना. वर ‘वॉटरप्रूफ’ असा बिल्ला आणि आतल्या खिशात पिवळं रेनकव्हर. पोलादपूरला चहाला थांबलो आणि कव्हर सोडलं, तर तळात दोन तांबे पाणी. सौ. म्हणाली, "मासे सोडा यात." तिच्या तीन साड्या खालच्या बाजूला होत्या, त्यामुळे पुढचं बोलणं लिहीत नाही.

असं का होतं, ते मेकॅनिकच्या डोक्याने बघा. कव्हर बॅगेला बाहेरून झाकतं, चाकाकडची बाजू उघडीच राहते. मागचं चाक पाणी उडवतं ते नेमकं तिथेच. ते कापडावरून ओघळून कव्हरच्या तळाशी साचतं, आणि बॅग त्या पाण्यात दिवसभर बसून राहते. शिवाय शिवण म्हणजे शेवटी सुईने पाडलेली भोकं. कापडातून पाणी जात नसेलही, धाग्यातून जातंच. ताशी साठला कव्हर शिडासारखं फुगतं आणि एक कडा सुटली की फडफडून फाटतं.

दुसरी गोष्ट आणखी वाईट झाली. हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे. खेडच्या अलीकडे प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचं काहीतरी असेल. आमच्याच बॅगेचा कोपरा होता. मागच्या सीटवर माणूस बसला की सीटची गादी दबते, भरलेली बॅग खाली झुकते आणि दुकानात चार बोटं वर दिसणारी ती सायलेन्सरला टेकते. लटकणाऱ्या बॅगा घ्यायच्याच असतील तर बाजूला लोखंडी स्टे, म्हणजे बॅगेला सायलेन्सरपासून लांब धरणारी चौकट, बसवून घ्या. आणि बॅग भरून, मागे माणूस बसवून बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

त्यानंतर गुंडाळून बंद होणारी ड्रायबॅग घेतली, पन्नास लिटरची, ३,८०० रुपयांना. ही बॅग म्हणजे आमच्या जुन्या एसटीच्या टपावरच्या ताडपत्रीची नात आहे. पीव्हीसीचं कापड, चेन नाही, आणि सांधे शिवलेले नाहीत, उष्णतेने एकजीव केलेले. तोंड जुळवायचं, तीन वळसे द्यायचे आणि दोन्ही बाजूंची बकलं लावायची. वळसे दोनच दिले तर पाणी आत जायला वाट मिळते. तिसरा पडत नसेल तर सामान जास्त झालंय असं समजावं.

विकत घेताना मी दोन गोष्टी केल्या. बॅग उलटी करून तळाच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. दोरा लागला असता तर तिथेच परत दिली असती. मग आत हवा धरून तोंड बंद केलं आणि वर बसलो. पंक्चर बघायला ट्यूब घमेल्यात दाबतो तसंच हे. फुस्स आवाज आला तर पाणीही तिथूनच जाणार. दुकानातला पोरगा हसला, पण नंतर त्याने स्वतःच बाकीच्या बॅगांवर बसून बघितलं.

दोन पावसाळे झाले, आत थेंब नाही. तक्रारी आहेत त्या वेगळ्या. तोंड वरून एकच, म्हणजे तळातला टॉवेल हवा असेल तर सगळा संसार रस्त्यावर मांडायचा. आता आत दोन वेगवेगळ्या रंगांच्या कापडी पिशव्या ठेवतो, निळी माझी, लाल तिची. दुसरं, पाणी आत येत नाही तसं आतलं बाहेरही जात नाही. एक ओला पंचा चुकून ठेवला की गणपतीपुळ्याला पोहोचेपर्यंत सगळ्या कपड्यांना कुबट वास. ओल्याला बाहेर, जाळीत जागा.

बांधायचं कशाने, यावर मात्र माझं मत ठाम आहे. हूकवाल्या रबरी दोऱ्या वापरू नका. स्वस्त आहेत, पटकन लागतात, सगळे वापरतात. पण ताणलेला हूक निसटला की सरळ तोंडावर येतो. वर्कशॉपमध्ये एकाच्या गालाला तो बसलेला मी बघितलाय, डोळा थोडक्यात वाचला. खड्ड्यात बॅग उसळते तेव्हा रबरही उसळतं, हूक ढिला होतो, आणि सुटलेली दोरी चेनमध्ये गेली तर मागचं चाक अडकतं. त्यापेक्षा बकलाचे नायलॉन पट्टे घ्या, चार. दोन पुढे, दोन मागे, आणि उरलेलं टोक गुंडाळून खोचा. लोंबतं ठेवू नका. बॅग सीटच्या जितकी जवळ तितकं बरं. कॅरियरच्या मागच्या टोकावर वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटातल्या वळणात हँडल पोकळ लागतं.

पंक्चरचं सांगतो. दुकानदाराने मला ट्यूबलेस किट दिलं होतं, छान डबीत. म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरच्या भोकात रबरी वात घालायचं. माझ्या गाडीला तारांची चाकं, आत ट्यूब. ते किट मला कशाला? मी गाडीचं नाव सांगूनही दिलं. स्वतःच्या गाडीला ट्यूब आहे की नाही हे आधी बघा. मी आता एकवीस इंची पुढची ट्यूब, दोन पाने, ठिगळं, सोल्यूशन आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवतो. पुढची ट्यूब अडीअडचणीला मागच्या सतरा इंचीतही कोंबता येते, गावापर्यंत जायला पुरते. पंप आवाज फार करतो आणि तापतो, मध्येच थांबवून गार करावा लागतो. पण तवसाळच्या धक्क्यावर एकदा उपयोगी पडला, तोही दुसऱ्याच्या स्कूटरला.

मोबाईलचा स्टँड घेतला आणि काढून टाकला. ॲपलने २०२१ मध्येच सांगितलं होतं की मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनाच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याची फोकस यंत्रणा बिघडू शकते. माझा फोन साधाच, पण पावसात त्या काचेवर थेंब पडले की तो आपोआप कुणाकुणाला फोन लावतो. एकदा व्याह्यांना लागला. आता रस्ता टपरीवर विचारतो.

हातमोज्यांची युक्ती सौ.ची. वॉटरप्रूफ म्हणून घेतलेले मोजे तासाभरात स्पंजासारखे पाणी प्यायले. तिने भांडी घासायचे रबरी हातमोजे एक नंबर मोठे आणले आणि वरून चढवले. दिसायला भयंकर, नारिंगी रंगाचे. क्लच, ब्रेक नीट दाबता येतात का ते मात्र घराबाहेर एक फेरी मारून बघा. माझे हात दापोलीपर्यंत कोरडे राहिले.

पायांचं जमलेलं नाही. वॉटरप्रूफ बूट महाग, आणि पाणी वरून, नडगीवरून ओघळत आत गेलं की बाहेरही येत नाही. दापोलीच्या बाजारात शेतकरी घालतात ते गमबूट घेतले, तर जाड टोक गिअरच्या खटक्याखाली शिरेना. घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचो, परत वर टाकायला पाय काढून नेम धरावा लागायचा. सध्या ते गमबूट तिच्या पायात आहेत. तिला गिअर टाकायचा नसतो.