सीपॅप मशीन : घोरणं थांबलं, पण तोंडाचं काय? (साताऱ्यातून, आठ महिने वापरून)

सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन. आधी आजार सांगतो म्हणजे मशीनबद्दल का लिहितोय ते कळेल. रात्री अडीच-तीनला जाग यायची आणि जीभ टाळूला अशी चिकटलेली असायची की सोडवताना टक्क आवाज यायचा. ओठांच्या कोपऱ्यात पांढरं वाळलेलं, आवंढा गिळायला जावं तर गिळायला काही नाहीच. उशाशी तांब्या ठेवलेला असायचा, अर्धा घटाघटा प्यायचा, मग तासाभरात लघवीला उठायचं आणि परत डोळा लागतोय तोवर स्टँडवरून पहिल्या गाड्या सुटायची वेळ. असं दोन वर्षं काढलं.

आई म्हणाली, "आरं साखर बघ एकदा, तुझ्या आप्पांचं बी असंच सुरू झालं हुतं." बघितली, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ५.६ आली, म्हणजे काठावर पण आत. मग डॉक्टरांनी गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं. बीपीची एक सांगितली, दुसरी सांगायची राहिली, ती पुढे येते. तेवढ्यात बायको मधेच बोलली, "अहो डॉक्टर, हे घोरतात आणि मधेच बंद पडतात, कोपर मारलं की परत चालू होतात, आमच्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनासारखं." मला लाज वाटली पण निदान त्या एका वाक्यावर झालं बघा, स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार.

घरीच एक रात्र टेस्ट केली, बोटाला क्लिप, नाकात बारीक नळी, छातीला पट्टा. रिपोर्टमध्ये एएचआय ३४, म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबतोय नाहीतर अर्धवट होतोय. ५ च्या आत नॉर्मल आणि ३० च्या वर गेलं की गंभीर. घसा मिटतो, हवा मिळत नाही म्हणून माणूस तोंड उघडून ओढतो आणि झोपेत लाळ तशीही कमी सुटते, मग जी काय थोडी असते तीपण वाळून जाते. तोंडाला कोरड का पडते हे दोन वर्षांनी कळलं.

तर सीपॅप घेतलं. ऑटोवालं, म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं, ४२ हजार, सोबत नाकावर बसणारा मास्क. पुण्याच्या सप्लायरकडून, नाव लिहीत नाही. त्यांचा पोरगा आला, वीस मिनिटांत मशीन लावलं, मास्क चढवला, फोनवर सेल्फी काढून ऑफिसला पाठवला आणि गेला. मशीन साधं आहे, हवा दाबाने नाकातून आत सोडतं म्हणजे घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा प्रकार पहिल्यांदा मांडला. आताचं मशीन इतकं गप आहे की पंख्याचा आवाज जास्त येतो. पोरगी म्हणते पप्पा फायटर पायलट.

पहिल्याच रात्री घोरणं बंद. बायको दोनदा उठून बघून गेली म्हणे, जिवंत आहेत का. दुपारी ऑफिसात पेंगणं पण आठवड्यात गेलं. या बाबतीत मशीनला पैकीच्या पैकी, शंकाच नाही.

पण तोंड! तोंडाला आधीपेक्षा दुप्पट कोरड. पहिले पंधरा दिवस मी रोज तीनला उठून मास्क उपटून टाकायचो. जीभ म्हणजे पॉलिश पेपर. सप्लायरला फोन केला तर "सर सवय होईल, पाणी जास्त प्या." अरे बाबा पाणी पिऊनच तर रात्रभर उठतोय. शेवटी कारण शोधलं ते बायकोनेच. म्हणाली, "अहो तुमच्या तोंडातून वारं सुटलंय, हात धरला तर लागतंय." हेच ते. हवा जाते नाकातून, झोपेत जबडा सैल पडतो आणि तीच हवा तोंडावाटे बाहेर, रात्रभर, म्हणजे जिभेवर टेबल फॅन लावून झोपल्यासारखं. विश्वास नसेल तर जागेपणी मास्क लावून जरा तोंड उघडून बघा, दोन मिनिटांत तोंड वाळतं. त्या पोराने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

आता उपायांचं. हनुवटीचा पट्टा घेतला ऑनलाइन, ३५० रुपये. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायचा, जबडा वर धरतो. तो लावून पहिल्या रात्री पडलो आणि आई काहीतरी न्यायला खोलीत आली, तिने बघितलं आणि दारातच थांबली. "काढ आधी ते." मी म्हटलं अगं तोंड बंद राहायला आहे. "मयताची हनुवटी बांधतात तशी. माझ्या डोळ्यादेखत नको." यावर काय बोलणार. तसाही तो पट्टा रात्रीत सरकून कानावर यायचा, ओठ तर उघडेच राहायचे, त्यामुळे आईचंही राहिलं आणि माझंही. पट्टा आता गाडीच्या डिकीत आहे, सामान बांधायला बरा पडतो.

खरा फरक दोन गोष्टींनी पडला.

एक म्हणजे नाक. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं रात्री काय घेता, तेव्हा ती राहिलेली गोळी निघाली. मला धुळीची सर्दी, घराजवळ वर्षभर काही ना काही खोदकाम चालूच, त्यामुळे रोज रात्री सिट्रिझिन घ्यायचो, कितीतरी वर्षं, आपल्या मनानेच, मेडिकलमधून दहाची पट्टी आणायची. त्यांनी सांगितलं ही गोळी सर्दी सुकवते तशी लाळही सुकवते. ती बंद केली, नाकात मारायचा स्प्रे दिला आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला लावलं. नाक मोकळं झालं तसं तोंड आपोआप मिटायला लागलं. कुणाच्या चालू गोळ्यांमुळे असं होत असेल तर माझं वाचून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, बीपीच्या गोळीला तर हातच लावायचा नाही.

दुसरं ह्युमिडिफायर. मशीनच्या कडेला पाण्याची डबी असते, खाली गरम प्लेट, हवा ओलसर करून पाठवते. माझ्या मशीनबरोबर ही आली नव्हती! वेगळी घ्यावी लागली, साडेसहा हजार. मशीन घेताना हे आधी विचारा, पाण्याची डबी आहे का. माझ्या सेटिंगला १ ते ८ आकडे आहेत. डिसेंबरात साताऱ्याच्या थंडीत मी उत्साहाने ७ वर ठेवलं आणि पहाटे नाकात पाण्याचा फवारा, बुडाल्यासारखा उठून बसलो. गरम ओली हवा गार नळीत आली की आत पाणी धरतं. आता ४ वर ठेवतो, नळी गोधडीखालून घेतो आणि मशीन पलंगापेक्षा खाली, स्टुलावर, म्हणजे पाणी साठलं तरी परत डबीकडे उतरतं. पावसाळ्यात २ वर पण भागतं.

पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाच्याने तळाला पांढरा थर धरतो. मी आधी बॅटरीच्या दुकानातून कॅन आणला, सगळीकडे तेच मिळतं ना, आणि घरी येऊन बघतो तर त्यावर स्पष्ट छापलंय पिण्यासाठी नाही. जे पिऊ नये ते रात्रभर फुफ्फुसात कशाला. इन्व्हर्टरला घातलं ते. मग मेडिकलवाल्याला सांगून पाच लिटरचा मागवून घेतला. डबी रोज सकाळी ओतून, धुवून पालथी घालायची, आळस केला तर वास येतो. आणि लाइट गेली की मशीन बंद पडतं, इन्व्हर्टरवर चालतं पण प्लेट गरम करायला करंट बराच लागतो, त्यामुळे तेव्हा डबीचं हीटिंग बंद ठेवतो.

कोरड्या तोंडासाठी जेल मिळतं तेही आणलं, हिरडीला आणि जिभेला बोटाने लावायचं. दोन-तीन तास बरं वाटतं, चव मात्र फिक्या साबुदाण्याच्या खिरीसारखी. ते डेंटिस्टनी दिलं, कारण या सगळ्यात दोन दाढा हिरडीजवळ किडल्या. लाळ नसली की दात उघडे पडतात म्हणाले, आणि मी वास जावा म्हणून झणझणीत अल्कोहोलवालं माउथवॉश वापरत होतो तेही बंद करवलं, त्याने अजूनच सुकतं.

आता आठवा महिना चालू आहे. एएचआय मशीनवर ३ च्या आसपास दाखवतं. कोरड पूर्ण गेली नाही, आठवड्यातून एखादी रात्र पडतेच, सर्दी असली की नक्की, पण रोजचं तीनला उठणं गेलं. तोंड अजिबातच मिटत नसेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क मिळतो, मी दुकानात लावून बघितला, पण मिशीवर नीट बसत नव्हता आणि मिशी काढायची माझी तयारी नाही.

मशीनला पाचपैकी साडेचार. सप्लायरला दीड, तोही फक्त मशीन वेळेवर आणलं म्हणून. घेणार असाल तर आधी पंधरा दिवस भाड्याने घ्या, बरेच जण देतात, आणि भाड्याच्या काळातच मास्क दोन-तीन प्रकारचे लावून बघा, नंतर कुणी बदलून देत नाही. मास्कची ती सिलिकॉनची गादी आत्ताच पिवळी पडून लुळी झालीय, नवीन विचारली तर दोन हजार चारशे आणि वर कुरिअर. पुढच्या महिन्यात घेईन म्हणतो, तोवर आई रोज रात्री न विसरता तांब्या भरून ठेवतेच आहे.