सारवण, पोपडे आणि हळदीचं पोतं छापलेलं कापड, सांगलीत

पडदे घ्यायला गेलं की फुलं, मोर, नाहीतर ते राखाडी त्रिकोण-चौकोन, याच्यापलीकडं सांगलीत काही मिळतच नव्हतं, म्हणून विश्रामबागला एका बंगल्याच्या तळमजल्यावर सुरू झालेल्या या छोट्या दुकानाबद्दल मुद्दाम लिहितोय. इथल्या कापडावर काय छापलंय तर मार्केट यार्डातल्या हळदीच्या पोत्याची वीण, चुन्याच्या भिंतीचे पोपडे, द्राक्षं वाळवून बेदाणे करतात त्या रॅकची जाळी, जत-आटपाडीकडची उन्हानं भेगाळलेली जमीन, शटरवरचा गंज. आणि सारवण!

सारवणाची चादर सगळ्यात भारी. शेणाचे ते अर्धगोल फटकारे, एकावर एक चढलेले, बोटांच्या रेघांसकट, आणि साईज अजिबात वाढवलेली नाही, खऱ्या बोटाएवढीच रेघ. आईनं त्यावर पंजा ठेवून बघितला आणि म्हणाली हे डावखुऱ्या बाईनं सारवलंय, फटकारे उलटे वळतात. दुकानातल्या ताई हसल्या, फोटो त्यांच्या सासूबाईंनी सारवलेल्या पडवीचा आणि त्या खरंच डावखुऱ्या. इतकं नीट उतरलंय ते.

पोपड्यांच्या पडद्यात अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नेहमीचं कापड रोटरी स्क्रीनवर, म्हणजे फिरत्या जाळीच्या नळकांड्यानं छापतात, त्या स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंमी, म्हणजे तेवढ्या अंतरानं डिझाईन परत येतंच. फुलांना चालतं, पण सात फुटी पडद्यावर तोच पोपडा तीनदा दिसला की भिंत खोटी वाटायला लागते. यांनी डिजिटल प्रिंट केलंय, त्यात हे बंधन नसतं, त्यामुळं अख्ख्या पडद्यात एक डाग दुसऱ्यासारखा नाही.

पोत्याचं डिझाईन मात्र कुशनवरच घ्या. कुशनवर वीण बारीक आहे, हळदीचा पिवळा मधेमधे मुरलेला, जवळून बघावंसं वाटतं. पडद्यावर तेच चौपट मोठं केलंय आणि मग ते पोतं राहतच नाही, नुसते चौकडे होतात.

कापड घेताना प्रिंट रिॲक्टिव्ह आहे का पिगमेंट ते विचाराच. रिॲक्टिव्हमध्ये रंग सुती धाग्याशीच जोडला जातो, कापड मऊ राहतं. पिगमेंट बाइंडरनं वरच्यावर चिकटलेला असतो, थोडं कडक लागतं आणि घासून घासून फिकट होतो. चादरी रिॲक्टिव्ह आहेत, गंजाची कुशन कव्हरं पिगमेंट, ओला पांढरा रुमाल घासला तर हलका तांबूस झाला. ताईंनी स्वतःच सांगितलं की ती उलटी करून धुवा, हे आवडलं. पण किंमत दोन्हीची सारखीच कशी, साडेसहाशे, ते पटलं नाही.

शिलाईत कमी पडतात. कापडाचे दोन पन्हे जोडले तिथं भेगा जुळत नाहीत, जमिनीची भेग शिवणीपाशी येऊन तुटते आणि ज्या डिझाईनमध्ये भेगच सगळं काही आहे तिथं हे फार खुपतं. कापड घेऊन ओळखीच्या टेलरकडं द्या, आणि सुती आहे, आटणार, म्हणून आधी धुऊन मग शिवायला सांगा.

एक डिझाईन मी हातात घेऊन परत ठेवलं, भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ. छापलंय सुरेख, ओलीचा वर चढत गेलेला तपकिरी रंग अगदी तसाच. पण २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभागातल्या कितीतरी घरांत ती रेघ अजून मनातून पुसलेली नाही, ती सोफ्यावर टेकायला कोण घेईल? पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं तेच जास्त मागतात म्हणे. मला ते घरात नको.

बेदाण्याच्या जाळीचं अजून फक्त टेबलक्लॉथ आलंय, पडदा आला की मी घेणार, ऊन जाळीतून आल्यासारखं दिसेल असं वाटतंय. सध्या जाणार असाल तर सारवणाची चादर आधी बघा, आणि दुकानातल्या पिवळ्या लाइटवर जाऊ नका, कापड दारात उजेडात नेऊन बघा, त्या नाही म्हणत नाहीत.