ल्योंच्या बाजारातली गाडी लातूरच्या गंजगोलाईत : तीन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मी सध्या माहेरी लातूरला आहे, येळवस (वेळ अमावास्या, आमच्याकडचा रानात जाऊन करायचा सण) घरी करायची म्हणून दीड महिन्याची सुट्टी काढून आलेय. येताना सगळ्यांसाठी चॉकलेटं, परफ्यूम आणलेच, पण गल्लीतली प्रत्येक बाई थांबून विचारायलीय ती वस्तू वेगळीच, आमची बाजाराची गाडी. कुठं भेटती, केवढ्याला पडली, वजन किती घेती, मोडत नाही का... रोज तेच सांगायलेय म्हणून म्हणलं एकदाच सगळं लिहून काढावं. तीन वर्षं फ्रान्समध्ये ल्योंला वापरली आणि आता महिनाभर लातुरात, त्यामुळं चांगलं काय आणि कच्चं काय, दोन्ही माहितीय.

आधी वस्तू काय ते सांगते. ॲल्युमिनियमची हलकी फ्रेम, कमरेच्या जरा वर येईल एवढा दांडा, फ्रेमला अडकवलेली जाड कापडाची उभी पिशवी, पिशवीचं तोंड दोरीनं आवळायचं आणि वरून झाकण टाकायचं. खाली दोन्ही बाजूला एकेक नव्हे, तीन-तीन चाकं, त्रिकोणात बसवलेली. सपाट रस्त्यावर दोन टेकतात, तिसरं वर राहतं, आणि पायरी आली की अख्खा त्रिकोण फिरतो अन् वरचं चाक पुढच्या पायरीवर जाऊन बसतं. तिकडं हिला पुसेत द मार्शे म्हणतात, म्हणजे शब्दशः बाजाराची बाबागाडी, नाहीतर नुसतं कादी म्हणतात. माझ्या पिशवीवर ४५ लिटर आणि ३० किलो असं लिहिलेलं आहे, मी ती ४९ युरोला घेतली, म्हणजे तेव्हाचे आपले साडेचार हजाराच्या आसपास. महाग वाटेल, मलापण वाटलं होतं.

पण तिथं आमचं घर कसं आहे ते ऐका. आम्ही राहतो क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर, ही ल्योंच्या रेशीम विणकरांची वस्ती. एकोणिसाव्या शतकात इथं घरोघरी माग होते, आणि जाकारचा (आपण जॅकार्ड म्हणतो तो) माग इतका उंच असायचा की घरं बांधतानाच छत जवळजवळ चार मीटर उंच ठेवलं. आता माग गेले, त्या खोल्यांत आमच्यासारखी माणसं राहतात, उजेड भरपूर, मोठ्या खिडक्या, सगळं चांगलं, पण छत उंच म्हणजे जिन्याच्या पायऱ्यापण तेवढ्याच जास्त. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही, ९६ पायऱ्या. पहिले चार महिने मी दोन्ही हातात पिशव्या घेऊन त्या चढले, बटाटे, दूध, तांदूळ, आणि वर पोचेपर्यंत बोटांवर पिशवीच्या बंदाचे लाल वळ उठायचे. त्यात लेक तेव्हा दीड वर्षाची, तिला कडेवर घ्यायचं का भाजी घ्यायची हा रोजचा प्रश्न. गाडी (मोटार म्हणते मी) आमच्याकडं नाही, लागतपण नाही, मेट्रो टेकडीवरच येते. ती सी लाईन, चढ एवढा की खाली दातेरी रूळ टाकलाय तेव्हा डबा वर चढतो.

जिन्यात एक सत्तरीपुढच्या आजी भेटायच्या, रोज ही असली गाडी ओढत टक टक टक करत वर जाणाऱ्या, न थांबता. एक दिवस मीच त्यांना मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं कुठून घेतली. त्यांनी दुसऱ्या दिवशी सोबत येऊन मला बाजारातला पिशव्यांचा स्टॉल दाखवला आणि दोन चाकांची घेऊ नको, सहा चाकांचीच घे असं बोटं मोजून सांगितलं. त्या सल्ल्याचे उपकार मी विसरणार नाही.

गाडी आली आणि आमचा रविवारच बदलला. आधी रविवार म्हणजे नुसती धावपळ कारण तिकडं रविवारी बरीचशी सुपरमार्केटं दुपारी एकच्या आत बंद होतात, दुपारनंतर काही संपलं तर बसा सोमवारपर्यंत. आता रविवार सकाळ म्हणजे बाजार. क्रुआ-रूसच्या बुलेव्हारवर, झाडांच्या खाली, सोमवार सोडून रोज सकाळी भरतो पण रविवारचा थाट वेगळा, लांबच लांब रांग स्टॉलांची, आपल्याकडं आठवडी बाजाराला बायका नटून येतात ना तसं तिथंपण माणसं जरा नीट कपडे घालून येतात. आणि प्रत्येकाच्या मागं ही गाडी. म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, पुरुषांच्यापण, त्यात लाजायचं काही नाही, हे मला फार आवडलं.

तिथल्या बाजाराची रीत समजायला मला वेळ लागला. आधी बोंजूर म्हणायचं, मग बोलायचं, थेट भाव विचारला तर समोरचा गप्प बघत राहतो. बऱ्याच स्टॉलवर माल आपण हातानं निवडायचा नाही, तो विकणारा देतो, पण देताना विचारतो की खरबूज आज खायचंय का उद्या, आणि त्या हिशोबानं दाबून, हुंगून निवडतो. मला आधी राग यायचा, भाजी हातात न घेता कशी घ्यायची म्हणून, पण एकदाही खरबूज कच्चं निघालं नाही. पाटीवर भावासोबत माल कुठला तेपण लिहिलेलं असतं, आणि शेतकरी स्वतः विकत असेल तर तसा शब्द असतो, प्रोड्युक्तर. मी तिथंच जाते, शेतकऱ्याची लेक आहे मी, मधल्या दलालाला पैसे जाताना लहानपणापासून बघितलेत. मे महिन्यात स्ट्रॉबेरी, जूनमध्ये चेरी, मग जर्दाळू, आणि हिवाळ्यात कार्दों नावाची देठांची भाजी, ती ल्योंवाले चीज घालून भाजतात. करडईची भाजी भेटत नाही, चुका नाही, त्याच्या जागी ब्लेत म्हणून रुंद पानांची एक भाजी असते ती मी दाण्याचा कूट लावून करते, चवीला जवळ जाते. कढीपत्ता, भेंडी, तिखट मिरची पाहिजे असली की खाली गिओतिएर नावाच्या भागात जावं लागतं, तिथं सगळ्या देशांची दुकानं आहेत, पण तूरडाळ मी लातूरचीच नेते, ह्याच्यात तडजोड नाही.

गाडी भरायचीपण पद्धत आहे. खाली बटाटे, कांदे, भोपळा, दूध. मध्ये पालेभाजी उभी, आडवी घातली की चेंगरते. वर टोमॅटो, फळं. पाव सगळ्यात शेवटी, अर्धा बाहेर. हे उलटं झालं की घरी गेल्यावर स्ट्रॉबेरीचा रस पिशवीच्या तळाला भेटतो. साडेबाराला स्टॉल आवरायला लागले की भाव पडतात, दोन युरोला अख्खं खोकं जर्दाळू दिलंय मला एकदा, आणि ते खोकं गाडीवर आडवं ठेवून दोरीनं बांधून नेलं, हातात घेऊन ९६ पायऱ्या मी चढलेच नसते.

बाजार झाला की आम्ही बुलेव्हारच्या टोकाला ग्रो काइयूपाशी बसतो. काइयू म्हणजे धोंडा. १८६१ मध्ये टेकडीवर चढणाऱ्या रेल्वेसाठी बोगदा खणताना हा भलामोठा दगड निघाला, आल्प्समधून हिमनदीनं वाहून आणलेला. लोकांनी तो जपून ठेवला. तिथून खाली ऱ्होन नदी, सगळं शहर, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर माँ ब्लाँचं बर्फ दिसतं. लेक गाडीच्या झाकणावर डोकं टेकून चेरी खात बसते.

मग आम्ही हीच गाडी फिरायलापण न्यायला लागलो. पार्क द ला तेत दोर म्हणून मोठी बाग आहे, १८५७ ची, ११७ हेक्टर, आत तळं आणि प्राणिसंग्रहालय, जिराफसुद्धा, आणि तिकीट काही नाही. तिथं मेमध्ये आम्ही चार मराठी घरं जमतो. गाडीत भाकरी, ठेचा, दही, सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, सगळं मावतं. आन्सीला गेलो होतो एका रविवारी, ल्योंवरून रेल्वेनं दोन तास, तिथलं तळं म्हणजे निळं काचेसारखं, आणि जुन्या गावात रविवार सकाळी बाजार. तिथं मात्र गाडीचा खरा कस लागला. रस्ते गोट्यांचे, आणि सहा चाकांची गाडी गोट्यांवर दोन चाकांच्या गाडीपेक्षा जास्त धडधडते, कारण चाकं लहान असतात. अंडी असतील तर हातात घ्या. माझी चार फुटली.

आता वाईट अनुभव, हा लपवणार नाही. दुसऱ्या वर्षी ग्रांद कोतच्या उतारावर, भरली गाडी, आणि डाव्या बाजूचं एक चाक निसटून घरंगळत खाली गेलं. बघितलं तर चाक ॲक्सलवर अडकवून ठेवायला नुसतं प्लॅस्टिकचं टोपण होतं, दाबून बसवलेलं. एवढ्या चांगल्या फ्रेमला दहा पैशाचं टोपण! जिथून घेतली तिथं नेलं तर सुटा भाग नाही, नवीन घ्या. बनवणाऱ्या कंपनीला दोन मेल केले, उत्तर आलं नाही. मला फार वाईट वाटलं, पैशाचं नाही, वस्तू चांगली असून एका टोपणासाठी फेकायची ह्याचं. वर्षभर मी बारीक तार पिळून काम चालवलं.

ती तशीच तार बांधलेली गाडी लातूरला आणली. पिशवी काढून घडी केली, फ्रेम दुमडून बॅगेत आडवी घातली, २३ किलोत बसली. आमच्या गल्लीच्या तोंडाला सायकलीचं दुकान आहे, त्या दादांनी तार बघितली, काही बोलले नाहीत, ॲक्सलच्या टोकाला ड्रिलनं भोक पाडलं, वायसर टाकला, स्प्लिट पिन घातली आणि पिनेची दोन्ही टोकं पकडीनं वाकवली. मग न सांगता बाकीच्या पाच चाकांनापण तेच केलं. साठ रुपये घेतले. आता ते चाक निघत नाही, लिहून देते.

आईला गुडघ्याचा त्रास आहे, उजवा खांदापण दुखतो, तरी वायरच्या पिशव्या घेऊन ती गंजगोलाईच्या बाजारापर्यंत चालत जाते. पहिल्या दिवशी गाडी घेऊन निघालो तर म्हणली, "आगं लोकं बघायलेत की सगळे. नातवाला आणलंय का काय म्हणतील." मी ओढत होते, ती दोन पावलं लांब चालत होती. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये अंबाबाईचं देऊळ, चारी बाजूनं मोटारसायकली. तिथं कळलं की ल्योंसारखी मागं ओढत चालून भागत नाही, मागून कुणीतरी चाक चढवतंच. पुढं धरून ढकलायची, जसं भेळवाले गाडा ढकलतात. हे आईनंच शोधलं. पाच किलो ज्वारीचं पीठ, गूळ, दोन जुड्या मेथी, शेपू, वांगी, आणि परतीच्या वाटेवर ती म्हणली, "सोड, मी नेते." भाजीवाली मावशी विचारायली, "काकू, हे कुठून आणलाव?" तर आई थांबून तिला चाकं फिरवून दाखवायली.

घरी पायऱ्या चढवताना मात्र ती एकदम गप्प झाली. मग म्हणली, दुष्काळात हे असतं तर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं लातूरला, तेव्हा टँकर कोपऱ्यावर यायचा आणि आई घागरी, कॅन घेऊन दहा दहा खेपा करायची. खांदा तेव्हापासूनच दुखतो तिचा. मी तेव्हा पुण्यात होते.

येळवसला गाडी रानातपण नेली, ते चुकलं. डांबरीपर्यंत ठीक, भज्जीचं पातेलं, उंडे, भाकरी सगळं नीट बसलं, आंबिलीचं बिंदगं (छोटी घागर) मामींनी डोक्यावरच घेतलं. पण ओल्या काळ्या रानात शिरलो आणि तिन्ही चाकांच्या मध्ये चिखल असा भरला की गाडी नांगरासारखी रुतली. कोपीपर्यंत (रानातल्या झोपडीपर्यंत) दोघांनी उचलून नेली. संध्याकाळी काडीनं चाकं उकरत बसले मी. तेव्हा रानासाठी घेऊ नका, डोकं आणि पाटीच बरी.

घ्यायची असेल तर एवढं बघा. सहा चाकंच, पण ॲक्सलच्या टोकाला टोपण आहे का पिन हे आधी वाकून बघा, टोपण असलं तर पहिल्याच दिवशी सायकलवाल्याकडनं पिन मारून घ्या. दांडा तुमच्या मनगटाला लागेल एवढा उंच पाहिजे, वाकून ओढावं लागलं तर पाठ धरते. पिशवी फ्रेमवरून निघणारी घ्या, मेथीची माती आणि दुधाचा वास धुतल्याशिवाय जात नाही. चाकाला रबर असावं, नुसत्या प्लॅस्टिकचं चाक पेव्हर ब्लॉकवर एवढं वाजतं की शेजारी उठतात. पाच पैकी चार देते मी, एक त्या टोपणाचा कापला.

पुढच्या आठवड्यात माझं परतीचं विमान आहे. गाडी इथंच राहायलीय, आईनं दाराच्या मागं खिळा ठोकून तिची जागापण केलीय. शेजारच्या काकूंनी आणि मामींनी आपापल्या मनगटाची उंची दोऱ्यानं मापून माझ्याकडं दिलीय, काकूंचा दोरा लाल, मामींचा हिरवा.