फोटोवर नाव टाकायचं तर कोपऱ्यात की मध्ये, फोनवर की कॉम्प्युटरवर?

शिगम्याच्या मिरवणुका सुरू झाल्या की आपल्याकडे गोव्यात फोटोंचा पूर येतो, आणि मग तुम्ही काढलेला रोमटामेळाचा, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मेळाचा फोटो भलत्याच कुणाच्या तरी स्टेटसवर दिसतो, तोही नाव कापून. म्हणून लोगो टाकणार असाल तर टाकाच, फक्त आधी फोटो बाहेर कशासाठी जातोय ते ठरवा.

कोपऱ्यातला छोटा लोगो दिसायला सगळ्यात छान, पण क्रॉप केला की संपला. त्यात तो मोकळ्या आकाशावर नाहीतर कळंगुटच्या वाळूवर असेल तर फोनमधलं इरेजर नुसतं बोट फिरवलं की तो उडवतं, मागे खूणही राहत नाही. मधोमध मोठं नाव टाकलं तर चोरणारा दहादा विचार करेल हे खरं, पण माशेलच्या चिखलकाल्यात, चिखलात खेळणाऱ्या पोरांच्या तोंडावरच तुमचं नाव आलं तर त्या फोटोत बघायचं काय? मला पटतं ते असं, की लोगो लहानच ठेवायचा पण विषयाला चिकटून. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीचा फोटो असेल तर सुपारीचे घड, काकड्या, तोरींगणं जिथे दाटीने लटकतात त्याच्या कडेवर, ३०-४० टक्के ओपॅसिटीने, म्हणजे मागचं दिसेल इतका फिका. तिथलं पुसायला गेलं तर घडाचा आकार बिघडतो आणि कापायला गेलं तर माटोळीच अर्धी जाते.

लग्नाचे प्रूफ वेगळे, निवडायला पाठवताय तर बिनधास्त मधोमध टाका आणि पैसे आले की क्लीन फाइल द्या.

पण अगदी भक्कम असं काही नसतं. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी दाखवलं की तोच लोगो ढीगभर फोटोंवर असला की कॉम्प्युटर तो ओळखून आपोआप काढू शकतो, नुसती जागा बदलूनही भागत नाही, दर फोटोत आकार किंचित वाकवला तरच काढल्यावर खुणा उरतात.

आता कशात करायचं? दोन-चार फोटो असतील तर फोनवर कॅनव्हा पुरे, लोगो अपलोड करा, ट्रान्सपरन्सी कमी करा, झालं. अख्ख्या मिरवणुकीचे फोटो असतील तर एकेक करत बसू नका. कॉम्प्युटरवरच्या लाइटरूम क्लासिकमध्ये वॉटरमार्क, म्हणजे हाच लोगो, एकदा सेव्ह केला की एक्सपोर्ट करताना सगळ्यांवर बसतो, पण त्याला वर्गणी भरावी लागते. डिजिकॅम हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातही बॅचमध्ये, म्हणजे सगळ्या फोटोंवर एकदम होतं, शिकायला जरा वेळ जातो एवढंच. पैसे घालायचे नसतील तर मी डिजिकॅमच सांगेन.

काही जण फक्त मेटाडेटात, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या न दिसणाऱ्या माहितीत नाव भरतात. ते भराच, पण नुसत्या त्यावर राहू नका, व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.

हक्काचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तुम्ही स्वतःहून काढलेला फोटो नोंदणी न करताही तुमचाच असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीत आलेल्या ६५बी कलमाप्रमाणे हक्काची माहिती जाणूनबुजून काढणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे नुसतं चिन्ह नको, नाव वाचता येईल असं लिहा. लोगोची फाइल पीएनजीच ठेवा, जेपीजीत मागे पांढरा चौकोन येतो, आणि पांढरा नि काळा असे दोन्ही बनवा. ओरिजिनल फोटोवर कधीच सेव्ह करू नका, कॉपीवरच टाका.