तेलाच्या बाटलीवर बियांचं कोष्टक

आधीच सांगते, हेम्पच्या (भांगेचंच, पण नशा जवळजवळ नसलेलं वाण) बियांबद्दल माझी काही तक्रार नाही. फसले ती तेलात.

सोललेल्या बिया मी बरेच दिवस खात होते. 100 ग्रॅममध्ये 30 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, वर मॅग्नेशियम, लोह, जस्त. मग एका ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात दिसली: बियांचं सगळं पोषण एका चमच्यात! कोष्टकात प्रथिनं 31 ग्रॅम, तंतू 4 ग्रॅम, आणि खाली बारीक अक्षरांत 'सीबीडीयुक्त, सांधेदुखीवर गुणकारी' (सीबीडी म्हणजे या झाडातला, नशा न आणणारा एक घटक). लगेच दोन बाटल्या मागवल्या.

पहिल्यांदा खटकला तो रंग. रिफाइंड न केलेलं हेम्प तेल हरितद्रव्यामुळे गर्द हिरवट असतं, त्याला गवतासारखा, अक्रोडासारखा वास येतो. हे फिकट पिवळं, पारदर्शक बाटलीत, आणि वास म्हणाल तर शून्य. पंधरा दिवसांनी वास आला, पण खवट.

फोन केला. "मॅडम, रिफाइंड आहे, वास जातोच." बरं, मग कोष्टक वाचून दाखवलं आणि विचारलं, तेलात प्रथिनं कुठून आली? तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश. प्रथिनं आणि तंतू पेंडीत राहतात. त्यावरचं उत्तर मी विसरणार नाही: "अहो, तेल बियांचंच आहे ना, मग आकडेही बियांचेच!" सीबीडीचं विचारल्यावर फोन कट. (ते फुलापानांत असतं. बीमध्ये नसतं, सापडलंच तर बाहेरून चिकटलेल्या राळेचा अंश.) पैसे परत नाहीत, कारण बाटली उघडलेली.

खरं तेल वाईट नाही. त्यात निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-6, आणि त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं ओमेगा-3. याच आम्लांमुळे ते लवकर खवट होतं, म्हणून गडद बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तळणीला वापरायचं नाही. 'माशाच्या तेलाऐवजी' असं कुणी सांगितलं तरी जरा थांबा. वनस्पतीतलं ओमेगा-3 वेगळं, त्याचं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडं करतं.

मागवण्याआधी जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. मी काढला नाही. परवा पाहिलं तर त्यांनी तिथलं कोष्टक गुपचूप बदललंय, प्रथिनं 0. माझ्या दोन्ही बाटल्यांवर मात्र अजून 31 आहेत.