किनारा वाचवायला टेट्रापॉड की तिवरं?
मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, लागतातच, तिथे उघडा किनारा आणि पावसाळ्यात थेट अंगावर येणाऱ्या लाटा, तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तिथे टिकणारच नाहीत. पण खाडीला, म्हणजे ऐरोली, विक्रोळी, गोराईकडे, मला तिवरंच हवीत. एकदा ओहोटीला जवळ जाऊन बघा, चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, त्यातून झाड श्वास घेतं, आणि पानावर बोट फिरवून चाटलं तर चक्क खारट, नको असलेलं मीठ झाड पानातूनच बाहेर टाकतं! काँक्रीट लाट फोडतं, बस. तिवरं गाळ धरतात, माशांची पिल्लं वाढवतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठची कितीतरी तिवरं भराव टाकून आधीच संपवलेली होती, ते अजून सलतं.